पीएच.डी.चा संशोधन आराखडा मंजूर करून घेताना

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्याला पुढच्या पायऱ्या तोंडपाठ असतात: पेट म्हणजे प्रवेश परीक्षा, मुलाखत, मार्गदर्शकाची संमती, कोर्सवर्क, सिनॉप्सिस, आरआरसी म्हणजे संशोधन व मान्यता समितीची बैठक आणि शेवटी प्रबंध. पेटची तयारी करून घेणारे वर्ग आहेत आणि कोर्सवर्कला वेळापत्रक आहे. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मात्र बहुतेक जण एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याची जुनी प्रत समोर ठेवून लिहितात आणि त्या प्रतीतल्या चुकाही इमानेइतबारे उतरवून घेतात. अशाच एका प्रतीवरून लिहिलेला माझा आराखडा समितीने परत केला होता. पुढे मार्गदर्शक म्हणून इतरांचे आराखडे घेऊन मी अशाच समित्यांपुढे बसलो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर मला असे वाटते, की समितीला एकाच गोष्टीची खात्री हवी असते: मांडलेला प्रश्न या उमेदवाराला, या साधनांनी, हातात असलेल्या वर्षांत सोडवता येईल का? विद्वत्तेची परीक्षा पुढे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत होणारच असते. आराखड्याकडे म्हणून करारपत्रासारखे पाहावे. त्यात जे लिहाल ते पुढे पुरे करावे लागते, आणि पेलणार नाही असे काही लिहून मंजुरी मिळवली तर तिचा त्रास चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू होतो.

आधी घड्याळ समजून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने 7 नोव्हेंबर 2022 रोजी अधिसूचित केलेल्या पीएच.डी. विनियमांनुसार हा अभ्यासक्रम कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिलांना व 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे. ही सहा वर्षे प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जातात, आराखडा मंजूर झाल्याच्या दिवसापासून नव्हे. ‘आरआरसी झाली की खरे काम सुरू’ असे म्हणत जो दीड वर्ष आराखड्यातच घालवतो, त्याच्या सहा वर्षांतून तेवढे दीड वर्ष वजा झालेले असते. कोर्सवर्क 12 ते 16 श्रेयांकांचे असते, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा भाग सक्तीचा असतो, आणि पुढे जाण्यासाठी किमान 55 टक्के गुण किंवा त्याला समकक्ष श्रेणी लागते. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीच्या विषयासाठी जो लेखी गृहपाठ करावा लागतो तो स्वतःच्याच विषयावर करावा, म्हणजे आराखड्याची दोन प्रकरणे तिथेच कच्च्या स्वरूपात तयार होतात.

आराखडा कोणाकोणापुढे जातो

पहिली पायरी संशोधन सल्लागार समितीची, म्हणजे आरएसीची. मार्गदर्शक हे या समितीचे निमंत्रक असतात. आराखडा तपासणे, विषय पक्का करणे, अभ्यासाची रचना व पद्धत ठरवायला मदत करणे आणि पुढे दर सत्रात प्रगतीचा आढावा घेणे ही कामे आयोगाच्या विनियमांनी तिच्याकडे सोपवली आहेत. त्यानंतरची पायरी विद्यापीठ स्तरावरच्या संशोधन व मान्यता समितीची. नागपुरात नुसते ‘आरआरसी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो ती हीच. आरएसीतली माणसे तुम्हाला पुढची काही वर्षे भेटत राहणार असतात, त्यामुळे तिथले प्रश्न कितीही टोकदार असले तरी ते घरचे असतात. आरआरसीपुढे मात्र एकामागून एक आराखडे येतात आणि सदस्यांना तुमच्यासाठी मोजकीच मिनिटे देता येतात. आरएसीत निघालेली प्रत्येक शंका तिथेच लेखी नोंदवून दुरुस्त करावी. ती तशीच पुढे नेली, तर आरआरसीत तीच शंका तुमच्याशी ओळख नसलेला माणूस काढतो.

आराखडा नेण्याआधी दोन प्रशासकीय गोष्टी पाहून घ्याव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे विद्याशाखा चार आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या हे विषय चौथ्या शाखेत येतात. विषयाचा कल दोन शाखांकडे असेल तर आराखडा कोणत्या विषयाच्या समितीपुढे जाणार हे आधीच विचारून घ्यावे आणि गरज असेल तिथे सहमार्गदर्शकाचे नाव सुरुवातीपासून घालावे. दुसरी गोष्ट मार्गदर्शकाची. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे प्रश्न मार्गदर्शकांना विचारताना संकोच वाटतो हे खरे. पण त्यांच्याकडे जागा नसल्याचे कागद दाखल केल्यानंतर कळले तर संकोचाची किंमत एका सत्राची असते.

प्रतींची संख्या, शुल्क, नमुना अर्ज आणि दाखल करण्याची मुदत विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाच्या ताज्या अधिसूचनेवरूनच पाहावी. बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा छापील नमुना कोणत्या वर्षीचा आहे याची हमी दुकानदार देत नाही.

शीर्षक

आराखड्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत महाग भाग म्हणजे शीर्षक, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. माझ्या परत आलेल्या आराखड्याचे शीर्षक होते ‘विदर्भातील संत्रा उत्पादक शेतकऱ्यांच्या सामाजिक व आर्थिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास’. ते मला भारदस्त वाटत होते. समितीतल्या एका सदस्यांनी अगदी शांतपणे तीन प्रश्न विचारले. विदर्भात अकरा जिल्हे आहेत, तुम्ही किती ठिकाणी जाणार? सामाजिक समस्या आणि आर्थिक समस्या हे दोन प्रबंध आहेत, तुम्हाला कोणता लिहायचा आहे? आणि ‘चिकित्सक’ म्हणजे तुम्ही नेमके काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तो शब्द मी सगळ्यांच्या शीर्षकात पाहिला होता म्हणून घातला होता.

त्या आराखड्याचे पुढे जे झाले तेच इथे उदाहरण म्हणून घेतो. संत्र्याचा मुख्य पट्टा दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे: काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर हे तालुके नागपूर जिल्ह्यात, तर वरूड आणि मोर्शी अमरावती जिल्ह्यात. मार्गदर्शकांनी मला सांगितले, की दोन तालुके निवडायचे, एकच व्यवहार निवडायचा आणि काळ लिहायचा. त्यावरून शीर्षक झाले ‘काटोल व नरखेड तालुक्यांतील संत्रा उत्पादकांच्या विक्री पद्धती आणि त्यांना मिळणारा निव्वळ भाव: एक तुलनात्मक अभ्यास’, आणि खाली दोन हंगामांचा कालखंड. हे शीर्षक दिसायला लहान आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द मोजता येतो. ‘तुलनात्मक’ हा शब्द इथे शोभेसाठी आलेला नाही. बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकणारे आणि माल स्वतः नागपूरच्या कळमना बाजारात नेणारे अशा दोन गटांची तुलना खरोखरच करायची आहे.

शीर्षक लिहून झाल्यावर त्यातला एकेक शब्द झाकून पाहावा. शब्द झाकल्याने अभ्यासात काहीच बदलत नसेल तर तो काढून टाकावा. अभ्यास बदलत असेल तर त्या शब्दाची व्याख्या आराखड्यात कुठे दिली आहे ते पान दाखवता आले पाहिजे. ‘अल्पभूधारक’ असे लिहिले, तर एक ते दोन हेक्टर जमीन असलेला शेतकरी हा सरकारी अर्थ घेतला आहे का, आणि एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला अत्यल्पभूधारक त्यात धरला आहे की वगळला आहे, हे सांगावे लागते. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. समितीच्या निम्म्या शंका अशा व्याख्यांनीच मिटतात.

स्थळ आणि काळ एकमेकांत कसे अडकतात याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण आपले विद्यापीठच आहे. ‘नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील ग्रंथालय सेवांचा अभ्यास, 2005 ते 2020’ हे शीर्षक निरुपद्रवी दिसते. पण 1923 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, आणि 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाल्यावर चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हेही बाहेर गेले. म्हणजे या अभ्यासाच्या पहिल्या सहा वर्षांत सहा जिल्हे आहेत आणि नंतरच्या वर्षांत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चारच. महाविद्यालयांची संख्या घटली तर ती का घटली, याचे उत्तर ग्रंथालयांच्या कारभारात सापडणार नाही. ते राजपत्रात आहे. कालखंड 2012 पासून धरला असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना याहून जुना पेच पडतो: नागपूर 1956 पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे त्या काळातल्या प्रशासनावर काम करायचे तर कोणती कागदपत्रे इथल्या अभिलेखागारात आहेत आणि कोणत्यांसाठी भोपाळला जावे लागेल याची चौकशी शीर्षक ठरवण्याआधी करावी.

शीर्षक मराठीत असो वा इंग्रजीत, दोन्ही भाषांतले रूप एकाच वेळी पक्के करावे आणि दोन्हींची व्याप्ती सारखी आहे ना ते पाहावे. मराठीत ‘विक्री पद्धती’ आणि इंग्रजी शीर्षकात ‘मार्केटिंग’ असे झाले तर व्याप्ती नकळत दुप्पट होते.

आधी काय झाले आहे ते पाहणे

आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या शोधगंगा या ऑनलाइन भांडारात देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत, हे आता सर्वांना माहीत आहे. त्याच संस्थेच्या शोधगंगोत्रीकडे मात्र फारसे कोणी वळत नाही, आणि आराखडा लिहिणाऱ्याला खरा उपयोग तिचा आहे, कारण तिथे प्रबंध पूर्ण न झालेल्या, नुकत्याच मंजूर झालेल्या आराखड्यांची नोंद ठेवली जाते. तुमच्याच विषयावर दुसरे कोणी आज काम करीत आहे का, हे तिथे पाहावे. मराठी विषय शोधताना शुद्धलेखनाचे वेगवेगळे पर्याय टाकून पाहावेत, शिवाय रोमन लिपीतही शोधावे, कारण नोंदी करणाऱ्यांनी एकच पद्धत पाळलेली नसते.

सगळेच संगणकावर मिळत नाही. रामदासपेठेतले विद्यापीठ ग्रंथालय, सीताबर्डीवरील विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय, अमरावती मार्गावरील राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, नीरी म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या सगळ्या एकाच शहरात असणे ही नागपूरकर संशोधकाची मोठी सोय आहे. संत्र्यावर आराखडा लिहून लिंबूवर्गीय फळ संस्थेचा एकही अहवाल न पाहिलेला विद्यार्थी मी समितीसमोर पाहिला आहे. त्याला पुढे फारसे काही विचारले गेले नाही.

पूर्वसाहित्याचा आढावा म्हणजे ‘अमुक यांनी अमुक साली असे म्हटले’ अशा तीस परिच्छेदांची माळ नव्हे. आधीचे अभ्यास गटांत मांडावेत: उत्पादनावरचे, भावावरचे, दलालीवरचे. प्रत्येक गटाच्या शेवटी त्या अभ्यासांनी काय सोडले ते दोन-तीन वाक्यांत लिहावे. तुमचा प्रश्न त्या सोडलेल्या जागेतून निघालेला दिसला पाहिजे. ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य शक्यतो लिहू नये. समितीत बसलेल्या एखाद्याने त्यावर विद्यार्थी मार्गी लावलेला असण्याची शक्यता चांगलीच असते. आणि संगणकाला विचारून मिळालेला एकही संदर्भ मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सूचीत घालू नये. अस्तित्वातच नसलेले लेख अशा सूचींतून सर्रास निघू लागले आहेत, आणि असा एक जरी सापडला तरी उरलेल्या सूचीवरचा विश्वास उडतो.

उद्दिष्टे, गृहीतके आणि 384 हा आकडा

उद्दिष्टे चार-पाचांहून अधिक नसावीत. प्रत्येक उद्दिष्टासमोर माहिती कोणाकडून, कोणत्या साधनाने मिळणार आणि तिचे विश्लेषण कसे होणार हे एका तक्त्यात लिहावे. ज्या उद्दिष्टासमोरचा रकाना रिकामा राहील ते उद्दिष्ट काढून टाकावे. ‘उपाययोजना सुचविणे’ हे उद्दिष्ट प्रत्येक आराखड्यात असते; ते संशोधनाचे उद्दिष्ट नसून त्याचे फळ आहे, आणि ते गाळल्याने आजवर कोणाचा आराखडा अडल्याचे मला आठवत नाही.

‘संत्रा उत्पादकांना अनेक अडचणी येतात’ हे गृहीतक होत नाही, कारण ते खोटे ठरण्याची शक्यताच नाही. ‘बाग झाडावर विकणाऱ्या आणि माल स्वतः बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्यांना मिळणाऱ्या प्रति टन निव्वळ भावात लक्षणीय फरक नाही’ हे शून्य गृहीतक तपासता येते. पण ते लिहिताच दुसरा प्रश्न उभा राहतो: झाडावरचा सौदा पुष्कळदा उक्ता होतो, बाजारात हिशेब वजनाने होतो, मग टनाचा भाव काढायचा कसा? वाहतूक, हमाली, अडत वजा करण्याची रीत कोणती? अशा प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच दिली, तर हा माणूस शेतात जाऊन आला आहे हे समितीला न सांगता कळते.

गुणात्मक अभ्यासाला गृहीतक लागतेच असे नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर काम करणाऱ्याने संशोधन प्रश्न मांडावेत, आणि संहिता बहुधा अप्रकाशित असल्यामुळे त्या कोणाकडून मिळतील, वडसा येथील कोणकोणत्या नाट्यमंडळांनी संमती दिली आहे आणि प्रयोगांचे ध्वनिमुद्रण कसे करणार हे लिहावे. समितीतले काही सदस्य गृहीतकाचा आग्रह धरतात. अशा वेळी वाद न घालता, हा अभ्यास अर्थनिर्णयाचा आहे, चाचणीचा नाही, हे एका वाक्यात सांगावे, आणि हे वाक्य आराखड्यात आधीच लिहिलेले असेल तर उत्तम.

नमुना निवडीकडे येऊ. ‘नमुना 384’ हा आकडा आपल्याकडच्या आराखड्यांत इतका रूढ झाला आहे, की तो कुठून आला हे विचारले की शांतता पसरते. तो येतो एका साध्या सूत्रातून: 95 टक्के विश्वास पातळीसाठी 1.96 चा वर्ग, गुणिले 0.5, गुणिले 0.5, भागिले 0.05 चा वर्ग, उत्तर 384.16. हा आकडा खूप मोठ्या समूहातल्या एखाद्या गोष्टीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या चुकीच्या मर्यादेत काढण्यासाठी आणि साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे. तुम्ही आधी गावे निवडून मग गावांतले शेतकरी निवडणार असाल, तर एका गावातले शेतकरी एकमेकांसारखे असल्यामुळे हा नमुना अपुरा पडतो आणि तो वाढवावा लागतो. दोन गटांच्या सरासरी भावाची तुलना करणार असाल तर सूत्रच वेगळे लागते. नमुना 240 असला तरी चालेल, तो 240 का आहे हे सांगता आले पाहिजे.

त्याहून मूलभूत प्रश्न यादीचा आहे. यादृच्छिक निवड करायची म्हटली की ज्यातून निवडायचे ती यादी हवी. संत्रा उत्पादकांची यादी कोण देणार? सातबाऱ्यावरची पीकपेऱ्याची नोंद हा एक मार्ग आहे, आणि 2021 पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे ती नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागले आहेत. तरीही दोन-तीन गावांत जाऊन ती नोंद आणि प्रत्यक्ष बाग यांचा मेळ पाहावा. माझ्या पहिल्याच गावात यादीतल्या चौथ्या नावाच्या घरी गेलो, तर म्हातारेबुवा म्हणाले, ‘भाऊ, बागच तोडली, आता काय इचारता?’ नोंदीत झाडे उभीच होती. ही गोष्ट मी दुसऱ्या आराखड्यात मर्यादांच्या भागात लिहिली, आणि समितीने त्या परिच्छेदावर अनुकूल शेरा दिला.

वेळापत्रक हंगामाशी जुळवावे. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराचा फेब्रुवारीच्या सुमारास निघू लागतो. मे महिन्यात ‘बाजार निरीक्षण’ असे तक्त्यात लिहिलेले दिसले तर शेतकऱ्याघरचा सदस्य ते पकडणारच. झाडीपट्टीचे प्रयोगही दिवाळीनंतर रंगात येतात. प्रश्नावलीची पूर्वचाचणी 25-30 जणांवर करून, कोणते प्रश्न बदलले हे लिहिता आले तर आराखड्याचे वजन वाढते.

परवानग्या

माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाला संस्थात्मक नीती समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी लागते. नंतर मिळवलेली मंजुरी मंजुरी ठरत नाही. शाळकरी मुलांची माहिती घेणार असाल तर पालकांचे संमतिपत्र, आश्रमशाळेत जाणार असाल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी, आणि कारागृहासारख्या ठिकाणी त्या विभागाची लेखी संमती आवश्यक आहे. पेंच किंवा ताडोबात काम करायचे असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली प्रवेशाची परवानगी लागते. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे, त्यामुळे निदान त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. परवानगी हाती आली नसेल तर अर्जाची पोच जोडावी. प्रयोगशाळेतले काम असेल तर जे उपकरण आपल्या केंद्रात नाही ते वापरू देण्याचे संबंधित संस्थेचे पत्र जोडावे. कोराडी वीज केंद्राच्या राखेतले जड धातू मोजायचे म्हणणाऱ्याला ‘कोणत्या उपकरणावर आणि कुठे?’ हा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला जातो.

साम्य तपासणीबद्दल, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का ते पाहण्याबद्दल, थोडक्यात. आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर व संदर्भसूची त्यातून वगळली जाते. मराठी मजकुराचे साम्य यंत्राला कमी सापडते म्हणून निर्धास्त राहू नये. समितीतल्या ज्या प्राध्यापकांचा परिच्छेद तुम्ही उचलला असेल त्यांना तो ओळखायला यंत्र लागत नाही.

सादरीकरण

दहा-बारा मिनिटे मिळतील असे धरून तयारी करावी आणि सात मिनिटांत संपेल असे बोलावे. विषयाचे महत्त्व सांगण्यात निम्मा वेळ जातो हा सर्वांत सामान्य दोष आहे. शेती महत्त्वाची आहे हे समितीला माहीत असते. पहिल्या मिनिटात प्रश्न सांगावा, दुसऱ्यात तो आधीच्या अभ्यासांतून कसा निघाला ते, आणि उरलेला सगळा वेळ पद्धतीला द्यावा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवू नये. वीज गेली किंवा प्रोजेक्टर रुसला तर, म्हणून उद्दिष्टांचा तक्ता छापून प्रत्येक सदस्यासाठी एक प्रत न्यावी; पद्धतीवरची चर्चा बहुधा त्या एका कागदावरच होते.

प्रश्न विचारला गेला की तो लिहून घ्यावा, क्षणभर थांबावे आणि जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. ‘हे मी पाहिलेले नाही, पाहून लेखी कळवतो’ हे उत्तर मान्य होते. रचून दिलेले उत्तर पुढच्याच प्रश्नाला कोसळते. मार्गदर्शकांनी मधे पडून तुमच्या वतीने बोलू नये हे त्यांच्याशी आधीच, नम्रपणे, ठरवून घ्यावे. त्यांनी सांभाळून घेतले की समितीला वाटते आराखडा त्यांचाच आहे. दोन सदस्य एकमेकांशी वाद घालू लागले तर गप्प बसावे. तो वाद तुमच्या आधीपासून चालत आलेला असतो.

‘हाच विषय का घेतला?’ या प्रश्नाने अनेक जण गडबडतात आणि भावनिक होतात. माझ्या एका विद्यार्थिनीने, आमच्या घरी दोनशे झाडे आहेत आणि वडील हिशेब लिहून ठेवत नाहीत, असे उत्तर दिले होते. त्यानंतर तिला हिशेबाबद्दलच विचारण्यात आले, आणि त्याची तयारी तिची झालेली होती.

मंजुरीनंतरचे कागद

निकाल तीन प्रकारचे असतात: मंजूर, दुरुस्तीसह मंजूर, किंवा पुन्हा सादर करा. दुसरा प्रकार सर्वाधिक दिसतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सूचना बैठकीतून बाहेर पडताच, आठवण ताजी असताना, मार्गदर्शकांसोबत बसून लिहून काढाव्यात. दुरुस्त प्रतीसोबत तीन रकान्यांचा तक्ता जोडावा: समितीची सूचना, केलेली दुरुस्ती, पान क्रमांक. एखादी सूचना मान्य नसेल तर ती गाळू नये. त्याच तक्त्यात कारण द्यावे. ‘नमुना 600 करा’ अशी सूचना आली आणि दोन तालुक्यांच्या यादीत तेवढे उत्पादकच नसतील, तर यादीची प्रत जोडली की काम भागते. पुन्हा सादर करण्याचा शेरा मिळाला असेल तर पुढच्या बैठकीची तारीख विचारून घ्यावी आणि उन्हाळी सुट्टीचा हिशेब धरावा.

मंजुरीचे पत्र आले की ते टेबलावरच उघडून शीर्षक अक्षरशः, काना-मात्रा-अनुस्वारासह, दुरुस्त प्रतीशी ताडून पाहावे. आमच्या केंद्रातल्या एका पत्रात ‘निव्वळ भाव’चे ‘निवळ भाव’ झाले होते. अशी चूक त्याच आठवड्यात अर्ज करून दुरुस्त होते, पण प्रबंध दाखल करताना लक्षात आली तर शीर्षक बदलाचे प्रकरण म्हणून पुन्हा समितीपुढे जाते. पत्राच्या, मंजूर आराखड्याच्या आणि दुरुस्ती तक्त्याच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात: स्वतःकडे, मार्गदर्शकांकडे आणि संशोधन केंद्राच्या फाइलमध्ये. पुढच्या सत्रातल्या आरएसीला जाताना याच मंजूर प्रतीवरचा कामाचा तक्ता समोर ठेवून, कोणता टप्पा झाला आणि कोणता मागे पडला, हे त्यावरच तारखेसह लिहून न्यावे.